घरानेही घडवावा धर्मगुरू

आज्ञागुरुवारच्या संध्याकाळी चर्चमध्ये बारा जणांचे पाय धुतले जातात. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. २०२० साली आज्ञागुरुवार ९ एप्रिलला आला आणि देशभर टाळेबंदी होती. करोनामुळे त्या वर्षी पाय धुण्याचा विधी वगळावा, असा आदेश व्हॅटिकनने २५ मार्चलाच काढला होता. चर्चची दारे बंद होती, मिस्सा मोबाइलच्या पडद्यावर आली होती. तेव्हा जगभरातल्या अनेक कॅथलिक कुटुंबांनी हा विधी आपापल्या घरी केला.

वसईतल्या ज्या घरात सेमिनरीत शिकणारा मुलगा त्या दिवसांत परतला होता, तिथे पाण्याचे पातेले साहजिकच त्याच्या हाती आले. गावात त्याला आधीपासूनच ‘ब्रदर’ म्हणतात. चर्चमध्ये त्याने हा विधी कित्येकदा जवळून पाहिलेला असतो: पांढरा झगा, चांदीचे तस्त, इस्त्रीचा टॉवेल, आणि आधीच धुऊन आलेले स्वच्छ पाय. घरी मात्र समोर वाडीत राबून भेगा पडलेले वडिलांचे पाय असतात, आईच्या सुजलेल्या घोट्यावर आयोडेक्सचा वास असतो, आणि गुडघा वाकत नाही म्हणून आजीचा पाय दोन्ही हातांनी अलगद उचलून पातेल्यात ठेवावा लागतो. प्रार्थना कोणी सांगायची, असा प्रश्नही तिथे येत नाही. ती आजीच सांगते. तो तिच्या मागून म्हणतो.

महामारीने सेमिनरीच्या विद्यार्थ्याला काय दिले आणि त्याच्याकडून काय हिरावले, याचा हिशेब चर्चने अजून नीट मांडलेला नाही. दारे उघडली, वर्ग भरले, वेळापत्रक पूर्ववत झाले आणि ती दोन वर्षे अडचणीचा काळ म्हणून मागे टाकली गेली. हे बरे झाले नाही. आजारी आईवडील, बंद पडलेली कमाई, दूरवरून घेतलेले अंत्यदर्शन आणि घरातल्या वेदीसमोरची जपमाळ यांतून जे शिक्षण झाले, ते कोणत्याही सत्रपरीक्षेपेक्षा खोल होते. भावी धर्मगुरूच्या घडणीत त्याच्या घराला कायमची आणि अधिकृत जागा मिळायला हवी.

ज्यांचा या जगाशी संबंध नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. कॅथलिक धर्मगुरू घडवण्यासाठी प्रत्येक धर्मप्रांताने सेमिनरी काढावी, असा निर्णय ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली घेतला. आपल्याकडे गोव्यातली राशोलची सेमिनरी जुनी आणि नामांकित. त्याच राशोलमध्ये १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. पुण्यात नगर रस्त्यावरची पेपल सेमिनरी पोप तेरावे लिओ यांनी १८९३ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीला स्थापन केली आणि १९५५ मध्ये ती पुण्यात आली. मुंबई धर्मप्रांताची सेमिनरी गोरेगावला आहे. बारावीनंतर किंवा पदवीनंतर आलेला मुलगा आठ-दहा वर्षे अशा ठिकाणी काढतो. आधी तत्त्वज्ञान, मधे एखादे वर्ष प्रत्यक्ष कामाचे, मग ईशज्ञान, नंतर डीकनची दीक्षा आणि शेवटी गुरुदीक्षा.

तिथला दिवस घंटेवर चालतो. पहाटे उठणे, चिंतन, मिस्सा, वर्ग, बागकाम, खेळ, जपमाळ, अभ्यास, आणि रात्रीच्या प्रार्थनेनंतर मौन. फोनवर मर्यादा असते. घरी जायचे ते ठरलेल्या सुट्टीत किंवा कोणी गेल्यावर. घरचे रोजचे जगणे त्याच्या आयुष्यातून हळूहळू पुसट होत जाते. वडिलांना मधुमेह झाल्याचे त्याला महिन्याने कळते, बहिणीचे लग्न ठरल्याचे सर्वांत शेवटी. आई मुद्दाम सांगत नाही. मुलगा देवाला दिला आहे, त्याच्या मनाला घोर नको, असे तिला वाटते.

मार्च २०२०च्या शेवटच्या आठवड्यात ही घडी मोडली. काही सेमिनऱ्यांनी मुलांना घरी पाठवले, काहींनी दारे लावून आत ठेवले. ईशान्य भारत, झारखंड, ओडिशा इथून आलेल्या मुलांना रेल्वेच नव्हती. पुढचे वर्ग ऑनलाइन गेले आणि आतले-बाहेरचे दोघेही सारखेच अडकले. आतला मुलगा सुरक्षित होता, पण घरी ताप आलेल्या आईच्या फोनची वाट पाहत होता. बाहेरचा घरी होता, पण रेंज शोधत ओट्यावर बसून ईशज्ञानाचे तास ऐकत होता आणि मधेच उठून रेशनच्या रांगेत उभा राहत होता.

महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळीच्या पाडव्याला उघडली. दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये ती पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबरला घटस्थापनेच्या दिवशी पुन्हा उघडली. हा काळ सगळ्याच श्रद्धावंतांनी घरात काढला. २०२०च्या आषाढीला संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या आणि वारकऱ्यांनी घरी बसून हरिपाठ म्हटला. पण ज्याने आपले आयुष्यच उपासनेला वाहायचे ठरवले आहे, त्याच्यासमोर प्रश्न अधिक टोकदार होता. चर्च बंद, प्रभूभोजन नाही, लोक समोर नाहीत. मग धर्मगुरू होणे म्हणजे नेमके काय होणे?

पोप फ्रान्सिस यांनाही ही चिंता होती. त्यांची सकाळची मिस्सा त्या काळात रोज जगभर थेट दाखवली जात होती आणि लाखो लोक ती पाहत होते. तरी १७ एप्रिल २०२०च्या प्रवचनात त्यांनी बजावले की लोकांवाचून, संस्कारांवाचून, नुसते पडद्यावर असलेले चर्च हे खरे चर्च नव्हे. ही वाट बोगद्यातून बाहेर पडण्यासाठी आहे, तिथे मुक्काम करण्यासाठी नाही.

त्या बोगद्यात लोक आणि श्रद्धा एकत्र होती, ती घरांत. कुटुंब हे घरातले चर्च आहे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये म्हटले. पुढच्याच वर्षी धर्मगुरूंच्या प्रशिक्षणावर काढलेल्या आदेशात श्रद्धाळू कुटुंबाला पहिल्या सेमिनरीसारखे मानले. व्हॅटिकनने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रशिक्षणाच्या आराखड्यातही घडवणाऱ्यांच्या यादीत कुटुंबाचा समावेश आहे. विद्यार्थी ही वाक्ये परीक्षेसाठी पाठ करतात. करोनाच्या महिन्यांत ती त्यांच्या अंगावर आली. ग्रीक शिकलेल्या मुलाला कळले की संतांची मोठी नामावली आजीला तोंडपाठ आहे आणि आपल्याला पुस्तकात पाहावी लागते. रिक्षा बंद पडल्यावर, हप्ता थकल्यावर वडील देवाशी कसे बोलतात, हे त्याने प्रथमच ऐकले. श्रद्धेविषयी त्याने निबंध लिहिले होते. घरची माणसे त्याच श्रद्धेवर महिना काढत होती.

सेमिनरीचा विद्यार्थी, घर आणि साथ या तिन्हींची गाठ चर्चच्या इतिहासात फार पूर्वी पडलेली आहे. अलोयसियस गोन्झागा हा इटलीतल्या कास्तिलिओनेच्या संस्थानिकाचा थोरला मुलगा, जन्म १५६८चा. वडिलांनी त्याला सैन्यासाठी वाढवले होते. त्याने येशूसंघात, म्हणजे जेझुइट धर्मसंघात, जायचे ठरवले तेव्हा घरात मोठा संघर्ष झाला आणि तो काही वर्षे चालला. अखेर नोव्हेंबर १५८५ मध्ये त्याने वारसाहक्क धाकट्या भावाच्या, रोदोल्फोच्या नावे लिहून दिला आणि रोमला गेला. काही महिन्यांतच वडील वारले.

संतचरित्रे इथपर्यंतचा भाग आवडीने सांगतात, कारण त्यात त्याग आहे. पुढचा भाग क्वचित सांगितला जातो. १५८९ मध्ये भाऊ रोदोल्फो आणि मांतुआचा ड्यूक यांच्यात जमिनीवरून वाद विकोपाला गेला. तेव्हा संघाच्या वरिष्ठांनीच ईशज्ञानाचा अभ्यास थांबवून अलोयसियसला घरी पाठवले. त्याने भावाचे आणि ड्यूकचे जमवून दिले. भावाने लपवून ठेवलेल्या लग्नाचा गुंता होता, तोही त्याने सोडवला. मगच तो रोमला परतला. घराचे भांडण मिटवणे हे धर्मगुरू होणाऱ्याचे काम आहे, यात सोळाव्या शतकातल्या कडक शिस्तीच्या येशूसंघीयांनाही काही वावगे वाटले नाही.

१५९१ मध्ये रोममध्ये दुष्काळ आणि पाठोपाठ साथ आली. येशूसंघाने रुग्णालय उघडले. तेवीस वर्षांचा हा विद्यार्थी झोळी घेऊन भीक मागायचा, रस्त्यात पडलेल्यांना उचलून आणायचा, त्यांना धुवायचा. या कामाची त्याला मनातून शिसारी येत असे आणि ती दाबून तो काम करी. काही तरुण सहकाऱ्यांना साथीची लागण झाल्यावर वरिष्ठांनी त्याला थांबवले. त्याने पुन्हा विनवणी केली, तेव्हा जिथे संसर्गाचे रुग्ण ठेवत नसत अशा एका रुग्णालयात जाण्याची परवानगी मिळाली. तिथे त्याने एका रुग्णाला उचलून नेले आणि त्या रुग्णाला साथीचीच लागण झालेली होती. मार्चमध्ये अलोयसियस अंथरुणाला खिळला आणि २१ जून १५९१ रोजी गेला. त्याआधी, १० जूनला, त्याने आईला पत्र लिहिले. घर सोडून सहा वर्षे होत आली होती, आणि मरताना त्याला आईचे सांत्वन करायचे होते. चर्चने त्याला १७२६ मध्ये संत घोषित केले. तो तरुणांचा आश्रयदाता संत आहे आणि एड्सच्या रुग्णांचाही.

पुण्याच्या वाचकाला ही कथा वाचताना सावित्रीबाई फुले आठवल्याशिवाय राहणार नाहीत. प्लेगच्या साथीत मुंढव्याच्या पांडुरंग गायकवाड या मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन हडपसरच्या दवाखान्यात आणले आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने त्या गेल्या. तो दवाखाना त्यांचा दत्तक मुलगा डॉ. यशवंत चालवत होता. म्हणजे घर आणि सेवा अशी दोन खाती तिथेही नव्हती. आईने रुग्ण आणायचा आणि मुलाने उपचार करायचे, असे ते काम होते.

१९१८च्या फ्लूमध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात सहा आठवड्यांत बारा हजारांहून अधिक माणसे मेली. कबरी खणायला माणसे मिळेनात. तेव्हा तिथल्या सेंट चार्ल्स बोरोमियो सेमिनरीच्या विद्यार्थ्यांनी फावडी उचलली आणि कॅथलिक दफनभूमीत खड्डे खणले. वर्ग बंद होते, शिक्षण मात्र चालू होते.

भारतात ही वेळ २०२०-२१ मध्ये आली. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने करोनाने मेलेल्या सर्वांचे दहनच करावे असे परिपत्रक काढले आणि विरोध झाल्यावर त्याच दिवशी मागे घेतले. पण त्या काही तासांत ख्रिस्ती आणि मुस्लिम घरांत जी घालमेल झाली, ती मागे घेता आली नाही. केरळात आलप्पुळा धर्मप्रांतापुढे वेगळीच अडचण होती. किनारपट्टीच्या त्या भागात जमिनीखाली लगेच पाणी लागते, त्यामुळे नियमांत बसेल इतका खोल खड्डा खणता येईना. जुलै २०२० मध्ये बिशपांनी निर्णय घेतला की देह चर्चच्या आवारातच दहन करावा आणि अस्थी कबरीत पुराव्यात. दफनाच्या शतकानुशतकांच्या परंपरेत वाढलेल्या कुटुंबांना हे समजावण्याचे काम स्थानिक धर्मगुरूंच्या वाट्याला आले. केरळात तरुण धर्मगुरू आणि स्वयंसेवकांच्या तुकड्या पीपीई किट घालून अंत्यविधी करत होत्या.

दुसऱ्या लाटेने चर्चलाही सोडले नाही. देशभरात शेकडो धर्मगुरू आणि धर्मभगिनी गेल्या. झाबुआचे बिशप बसिल भुरिया मे २०२१ मध्ये करोनाने वारले. सेमिनरीतल्या मुलांनी आपले शिक्षक गमावले, आणि कित्येकांनी त्याच महिन्यात आईवडील. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती. त्या विसांत आपण असू की नाही, हे त्यांना जिल्ह्याच्या सीमेवरच्या नाक्यावर कळायचे. ज्याला पुढे आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरची दुःखे वाटून घ्यायची आहेत, त्याला स्वतःच्या घरचे दुःख वाटून घ्यायला मिळाले नाही.

प्रॉटेस्टंट सेमिनऱ्यांतली परिस्थिती निराळी आणि काही अंगांनी जास्त बिकट होती. तिथले अनेक विद्यार्थी विवाहित असतात. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ साली यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याच्या बिबवेवाडीत आली. अशा संस्थांत देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे शिकायला येतात, काही बायकामुलांसह. एका खोलीत नवऱ्याचा ऑनलाइन वर्ग, मुलाची ऑनलाइन शाळा आणि घरात फोन एकच, असे चित्र होते. लहान मंडळ्यांतल्या पाळकांचा चरितार्थ रविवारच्या दानावर चालतो. चर्च बंद झाल्यावर दानपेटीही बंद झाली. अशाच मंडळीतून आलेल्या विद्यार्थ्याच्या फीचा आणि घरखर्चाचा पैसाही त्याबरोबर थांबला. या काळात बायकोने शिवणकाम करून, शिकवण्या घेऊन घर चालवले असेल, तर त्या दोघांच्या पाचारणाचा, म्हणजे देवाच्या बोलावण्याचा, अर्धा भार तिने उचलला. पदवीच्या प्रमाणपत्रावर तिचे नाव नसते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलक्यात काढण्यासारखा नाही. कॅथलिक धर्मगुरू ब्रह्मचारी असतो. त्याला हजारो घरांचे व्हायचे असते, म्हणून एका घरापासून अलग व्हायला शिकावे लागते. आईबापांना मागे सोडण्याविषयी येशूचे शब्द कठोर आहेत. घरी काही महिने राहून आलेल्या मुलांची शिस्त ढिली होते, मौन मोडते, मोबाइल हातातून सुटत नाही, ही प्रशिक्षकांची तक्रारही खरी आहे. काही मुले परतलीच नाहीत, हेही खरे.

पण घरी गेल्यामुळे जो परतला नाही, त्याचा निर्णय गुरुदीक्षेनंतर होण्यापेक्षा आधी झाला, यात त्याचेही भले आहे आणि चर्चचेही. शिस्तीविषयी बोलायचे, तर घंटा वाजवणारे कोणी नसताना पहाटे उठून प्रार्थना करणे हीच तिची कसोटी असते. पुढे एखाद्या आडगावच्या धर्मग्रामात तो एकटाच असणार आहे. आणि अलिप्ततेविषयी म्हणावे, तर ज्या येशूने घर सोडायला सांगितले, त्यानेच क्रुसावरून आपल्या आईला शिष्याच्या हवाली केले. अलोयसियसने वारसा सोडला, नाती सोडली नाहीत. घरावरचा हक्क सोडणे आणि घराची खबर न घेणे, यांत फार अंतर आहे. ते अंतर शिकवणे हे सेमिनरीचेच काम आहे.

म्हणून काही गोष्टी ठरवून कराव्यात. आईवडिलांपैकी कोणी गंभीर आजारी असेल, तर विद्यार्थ्याला रजेसाठी रेक्टरची मनधरणी करावी लागू नये. तसा लिखित नियम असावा आणि बुडालेले सत्र पुढे भरून देण्याची सोयही. ईशज्ञानाच्या वर्षांत प्रत्येकाने काही आठवडे रुग्णसेवेचे शिक्षण घ्यावे: अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस कशी बदलायची, त्याला कसे भरवायचे, शेवटच्या रात्री नातेवाइकांजवळ कसे बसायचे. यासाठी नव्या इमारती नकोत. वसईत कार्डिनल ग्रेशस रुग्णालय आहे. वांद्र्याला होली फॅमिली रुग्णालय आहे, आणि १९८६ पासून मरणासन्न कर्करुग्णांची सेवा करणारे शांती अवेदना सदनही तिथेच आहे. जिथे दुःख आहे तिथल्या सिस्टर आणि परिचारिका याबाबतीत प्राध्यापकांपेक्षा चांगल्या शिक्षिका ठरतील.

विद्यार्थ्याचे वार्षिक मूल्यमापन होते, त्यात त्याच्या घरच्यांशी आणि धर्मग्रामातल्या संसारी माणसांशी बोलणे व्हावे. तो अभ्यासात कसा आहे हे प्राध्यापक सांगतील. तो माणसांत कसा आहे हे घरचे सांगतील. करोनात ज्यांनी जवळची माणसे गमावली, त्यांतले अनेक विद्यार्थी आता धर्मगुरू झाले आहेत. त्यांच्यासाठी प्रशिक्षित समुपदेशकाची सोय आजही करता येईल. प्रॉटेस्टंट संस्थांनी विवाहित विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीत पत्नीचे शिक्षण आणि मुलांची शाळा धरावी, आणि पत्नीला हवे असेल तर वर्गाची दारेही उघडावीत.

खर्चाचा प्रश्न निघेल. पण यातल्या बहुतेक गोष्टींना पैशांपेक्षा वेळापत्रकात जागा लागते, आणि ते वेळापत्रक प्रशिक्षकांच्याच हातात आहे. भारतातल्या बहुतेक सेमिनऱ्यांचे नवे वर्ष जूनमध्ये सुरू होते, आणि २१ जूनला अलोयसियसचा सण असतो. त्या दिवशी मिस्सेनंतर मुलांना एका दुपारपुरते फोन द्यावेत आणि घरी फोन करून प्रत्येकाने आईवडिलांना त्यांच्या तब्येतीचे, औषधांचे, कर्जाचे खरे काय चालले आहे ते विचारावे. नियमावली बदलायला वेळ लागेल; हे येत्या जूनमध्येच करता येईल.